थांब म्हणतीया

पुणे,
६ नोव्हेंबर २०२५

चि. ऋजू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. संध्याकाळी ओंकारेश्वराला जाऊन आले. देवळात पणत्याच पणत्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीत एक मुलगी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन उभी होती. बाळ एवढंसं, दुपटंच जास्त दिसत होतं. त्याने जांभई दिली, तोंड बाजूला वळवलं, आणि ती मुलगी आपसूक दिव्यांकडे पाठ करून उभी राहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. बाळाने सांगितलं, तिने ऐकलं. घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं.

आज ६ नोव्हेंबर. सोनोग्राफीच्या कागदावर तुझी हीच तारीख लिहिलेली होती. २००७ साली लक्ष्मीपूजन ९ तारखेला होतं, म्हणून सगळे तुला दिवाळीचं बाळ म्हणायचे. तू श्रावणातच आलीस. वाढदिवस २१ ऑगस्टला होतो तो होतोच, पण ही दुसरी तारीख मी कुणाला न सांगता दर वर्षी पाळते. यंदा ती पत्र लिहून पाळावी असं वाटलं, कारण पाडव्याच्या दुपारी तू जे बोललीस ते अजून मनातून जात नाही.

तू टेबलाशी चित्र काढत होतीस आणि मी समोर डाळिंब सोलत होते. मान वर न करता तू म्हणालीस, "आई, माझ्या हातांकडे बघत बसू नकोस ना. मी गप्प असले म्हणजे काहीतरी झालंय असं नसतं. तू सारखी मला वाचत असतेस, मला दमायला होतं." मी म्हणाले, तू काचेच्या पेटीत होतीस तेव्हापासूनची सवय आहे ती. त्यावर तू म्हणालीस, "तेव्हा मी एक किलोची होते. मी काय बोलणार तुझ्याशी? ते तुझ्या मनाने घेतलं असणार."

चिडून म्हणाली असतीस तर मीही चिडले असते. तू शांतपणे म्हणालीस, म्हणून मला उत्तर सुचलं नाही. तुला बडोद्याच्या गाडीत बसवून आल्यावर जे सुचत गेलं ते लिहिते आहे.

दवाखान्यातल्या त्या ५२ दिवसांची गोष्ट तुला माहीत आहे असं आपण सगळे समजतो. वजनं माहीत आहेत, कारण बाबाच्या खिशातल्या डायरीत ती लिहिलेली आहेत आणि तू ती डायरी पाहिली आहेस. पण तुझं माझं काय बोलणं झालं ते त्या डायरीत नाही. आणि एक गोष्ट मी तुला कधी सांगितलेलीच नाही.

१९ ऑगस्टला, रविवारी, माझे पाय इतके सुजले की चपला चढेनात. डोकं ठणकत होतं. रक्तदाब मोजला तो १७० च्या वर. तिथूनच दवाखान्यात. तुझी फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून मला एका दिवसाच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली आणि मंगळवारी सकाळी सिझेरियन केलं. घरी त्या दिवशी आत्याची मंगळागौर होती, पत्री आणून ठेवलेली होती. २९ आठवडे पुरे झालेले. पुऱ्या दिवसांचं म्हणायला ३७ लागतात. वजन १०८० ग्रॅम. मी तुझं रडणं ऐकलं नाही. ऐकण्यासारखं ते नव्हतंच, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

माझा रक्तदाब उतरेना, म्हणून तीन दिवस मला वर तुझ्यापाशी आणलं नाही. बाबा रोज त्याच्या मोबाइलवर तुझा फोटो दाखवायचा. तेव्हाच्या फोनवरचा फोटो तो, त्यात नळ्या दिसायच्या आणि टोपडं दिसायचं. मी त्याला विचारलं, "माझ्यासारखी आहे का?" तो म्हणाला, "तिचं नाव सध्या तुझंच आहे." खरंच होतं ते. तुझ्या पेटीवरच्या कागदावर 'बेबी ऑफ' लिहून पुढे माझं नाव होतं. माझ्या नावाचं बाळ वरच्या मजल्यावर होतं आणि मला ते माझं वाटत नव्हतं. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण खरं तेच आहे. मी सगळ्यांना विचारायचे, दूध पचलं का, श्वास कसा आहे. ती कशी आहे, असं मी विचारत नव्हते.

आत सोडायचे तेही सकाळ-संध्याकाळ वीस वीस मिनिटं. तेव्हा बऱ्याच ठिकाणी तशीच रीत होती. आईला पाहुणीसारखं वागवायचे. मनगटापर्यंत हात धुवायचे, गाऊन घालायचा, पेटीच्या बाजूला जी गोल खिडकी असते तिच्यातून हात आत घालायचा. मी पहिल्यांदा घातला तेव्हा तुझी सगळी पाठ माझ्या दोन बोटांखाली मावली. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात, खांद्यांवर मऊ लव. तू हलली नाहीस. डोळे उघडले नाहीस. गर्भारपणात रात्री पोटातून लाथ मारून मला उठवणारी तूच, आणि इथे काहीच नाही.

आता ती गोष्ट.

सहाव्या दिवशी तुझ्या नाकातली श्वासाची नळी काढली होती. मला वाटलं, आता ही थोडी मोकळी झाली, आता बोलेल. मी हात घातला आणि बोटाच्या टोकाने तुझ्या पाठीवरून, दंडावरून हळूहळू फिरवायला लागले. आणि बोलायला लागले. बाळा, बघ ना माझ्याकडे. एकदा बघ. आई आलीय. बघ ना गं. वीस मिनिटांत मला सगळं उरकायचं होतं, म्हणून मी थांबतच नव्हते. तू जांभई दिलीस. मला हसू आलं, किती छान जांभई दिली म्हणून. मग उचकी लागली. मग तू तोंड पलीकडे केलंस आणि एक हात वर आला, पाचही बोटं ताठ, पसरलेली. मी त्या हाताला बोट लावलं. मला वाटलं तू हात मागते आहेस.

तुझा रंग बदलला. अंगावर निळसर जाळी उमटल्यासारखं झालं. मॉनिटरवरचा प्राणवायूचा आकडा ९३ वरून ८४ झाला, मग ७१, आणि घंटा वाजायला लागली. एवढ्या लहान बाळांचा श्वास मध्येच थांबतो, तिथे त्याला 'बाळ श्वास विसरलं' म्हणतात. एक सिस्टर धावत आली, मला म्हणाली, "मॅडम, हात काढा." तिने तुझ्या तळपायाला टिचकी मारली. एकदा, दोनदा. तुझी छाती पुन्हा हलायला लागली. सगळं मिळून अर्धं मिनिट असेल.

मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या हाताने तुझा श्वास थांबला असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. पुढचे तीन दिवस मी आत गेले नाही. दूध काढून बाबाच्या हाती द्यायचे. मला डिस्चार्ज मिळाला होता, तरी रिक्षाने यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. तुझी आजी म्हणायची, जा गं, दोन शब्द बोलून ये. मी म्हणायचे, तिला मी नको आहे. हे शब्द मी वापरले होते, ऋजू. नऊ दिवसांच्या तुझ्याबद्दल.

तिथे एक मोठ्या सिस्टर होत्या, कोल्हापूरकडच्या. ठेंगण्या, डोक्यावरची टोपी कायम एका बाजूला कललेली. चौथ्या दिवशी त्या बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "काय झालं ते मला ठावं हाय. चला आत." मी म्हणाले, ती मला नको म्हणते. त्या म्हणाल्या, "ताई, ती नको म्हणत न्हाई. थांब म्हणतीया."

मला त्यांनी हात धुवायला लावले आणि मग ते चोळून गरम करायला लावले. "आता बोट फिरवायचं न्हाई. एक हात डोक्यावर, एक पायाशी. नुसता ठेवायचा. पोटात कशी आवळून बसली हुती, तशी तिला वाटाया पायजे. आन् बोलायचं न्हाई. बघायचं."

माझ्या उजव्या पंजात तुझं डोकं बसलं, डाव्या पंजात दोन्ही पाय. सुरुवातीला तू पाय झाडलेस. मी हात तसाच ठेवला. सिस्टर माझ्या कानाशी सांगत होत्या, क्रिकेटची कॉमेंट्री सांगतात तसं, पण अगदी हळू. "बोटं बघा, अजून ताठ हायेत. कपाळ बघा, आठी हाय. थांबा... आता एक बोट मिटलं. आता हात तोंडाकडं निघाला बघा. आता पाय तुमच्या हाताला टेकवला तिनं, तिनंच टेकवला. आता कपाळ सैल झालं." चार-पाच मिनिटं झाली असतील. तुझी मूठ तोंडापाशी पोचली आणि तिथेच राहिली. "आता बोला," त्या म्हणाल्या. "हळू."

आणि मला काय बोलावं ते सुचेना. तीन दिवसांपूर्वी थांबत नव्हते, आणि आता एक शब्द नाही. तोंडातून निघालं ते, बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. शाळेत रोज मुलांकडून म्हणून घेते तेच. बे पंचे दहाला तुझी डावी पापणी उघडली. काळाभोर डोळा, नीट कुठे लागलेला नव्हता, पण उघडा होता. बे दाहे वीस होईपर्यंत तो उघडा होता. मग मिटलास. मॉनिटरवर ९४ होते.

म्हणून आपल्या घरात अंगाईऐवजी पाढे. तू विचारलं होतंस एकदा, मी नीट उत्तर दिलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी तुझी भाषा शिकायला लागले. तिचा अभ्यास फार आधीपासून झाला आहे, हे मला नंतर समजलं. अमेरिकेत बॉस्टनला हायडेलिझ आल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी १९८२ साली यावर सविस्तर मांडणी केली. अपुऱ्या दिवसांची बाळं रडून सांगू शकत नाहीत तेव्हा बाकीच्या सगळ्या अंगाने सांगतात. पसरलेली बोटं, जांभया, उचक्या, शिंका, रंग बदलणं, पाठ ताणणं, नजर वळवणं म्हणजे हे मला जास्त होतंय. हात तोंडाशी नेणं, काहीतरी धरून ठेवणं, कपाळ सैल पडणं, शांत उघडे डोळे म्हणजे आता चालेल. आमच्या सिस्टरांनी हे कुठे वाचलं होतं की हजार बाळं हाताखालून गेल्यावर त्यांना ते दिसायला लागलं, मी कधी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मला त्या सहाव्या दिवसाची लाज थोडी कमी वाटायला लागली. १९७०-८० च्या दशकांत संशोधकांनी लवकर जन्मलेल्या बाळांच्या आयांचं बारकाईने निरीक्षण केलं. या आया इतर आयांपेक्षा जास्त बोलतात, जास्त हलवतात, जास्त स्पर्श करतात, कारण बाळाकडून येणारी खूण इतकी क्षीण असते की ती आलीच नाही असं वाटतं. मग बाळ आणखी मिटतं, आई आणखी जोर करते. म्हणजे मी वाईट आई नव्हते, मी घाबरलेली आई होते. माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. हे मला त्या बाकावर कुणी सांगितलं असतं तर ते तीन दिवस मी तुझ्यापासून लांब राहिले नसते.

सतराव्या दिवशी, ६ सप्टेंबरला, तुला माझ्या छातीशी ठेवलं. याला कांगारू केअर म्हणतात. कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी रुग्णालयात एदगार रेय सानाब्रिया या डॉक्टरांनी १९७८ च्या सुमारास ते सुरू केलं. तिथे पेट्या पुरत नव्हत्या, एका पेटीत दोन-दोन तीन-तीन बाळं ठेवावी लागत, म्हणून त्यांनी बाळं आयांच्या अंगाशी बांधली. टंचाईतून निघालेला उपाय आज जगभर वापरतात. आम्हाला तेव्हा सांगितलं होतं की बाळ स्थिर झाल्याशिवाय द्यायचं नाही, म्हणून सतरा दिवस थांबले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. जन्मल्याबरोबर, स्थिर व्हायची वाट न पाहता आईच्या अंगाशी दिलेल्या लहान बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी दिसलं. पेपरात ती बातमी वाचून मी स्वयंपाकघरात रडले होते. तू ऑनलाइन शाळेत होतीस, तुला कळलं नाही.

तर ६ सप्टेंबर. अंगात लंगोट आणि डोक्यावर टोपडं, बाकी काही नाही. माझ्या ब्लाउजच्या आत तुला बेडकासारखं पाय दुमडून ठेवलं आणि वरून आजीची जुनी सुती साडी गुंडाळली. तीच साडी, जिचा चौकोनी तुकडा आधी आठवडाभर तुझ्या पेटीत ठेवला होता, माझा वास तुला लागावा म्हणून. वजन काहीच जाणवलं नाही, एक ऊब तेवढी होती. मग तुझा श्वास माझ्या गळ्याच्या खळग्यात लागायला लागला. मी श्वास घेतला की तू वर यायचीस, सोडला की खाली. तू तिथे श्वास विसरलीस तर माझी छाती हलून तुला आठवण करून देईल, असं मला वाटलं. त्या दीड तासात एकदाही घंटा वाजली नाही.

आणि गणेशचतुर्थी. १५ सप्टेंबर, शनिवार. घरी आजोबांनी एकट्याने प्रतिष्ठापना केली, कारण बाकी सगळे दवाखान्यात. बाहेर कुठेतरी ताशा वाजत होता. आत दिवे मंद केलेले. तू माझ्या अंगावर होतीस आणि मी पुटपुटत होते, तीन एके तीन, तीन दुणे सहा. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं, तुझं कपाळ बघायचं, मग पुढची. अशी मला सवय लागली होती. तीन त्रिक नऊला मी थांबले, आणि तू आवाज केलास. रडण्याचा नाही, कण्हण्याचा नाही. "अं" असा, घशातून, अर्धवट. मला वाटलं भास झाला. तीन चोक बारा म्हणून पुन्हा थांबले. पुन्हा "अं".

मी सिस्टरांना हाक मारली नाही. कुणाला सांगायचं म्हणजे तिथून मन काढायचं. पाच-सहा वेळा झालं ते, मग तू झोपलीस.

तू म्हणतेस, ते माझ्या मनाने घेतलं. मी गणिताची शिक्षिका आहे, सिद्धता मागायचा तुझा हक्क मी मानते. जवळ जे आहे ते देते. पोटातलं बाळ २५ आठवड्यांच्या सुमारास आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी दाखवलं की तीन दिवसांच्या आतलं बाळसुद्धा चोखणी चोखायची लय बदलून आपल्या आईचा आवाज निवडतं. ती पुऱ्या दिवसांची बाळं होती, पण तू माझा आवाज पोटातून ऐकत होतीसच, निदान शेवटचे तीन-चार आठवडे तरी. आणि २०११ साली अमेरिकेतल्या मेलिंडा कॅस्की यांच्या गटाचा अभ्यास आला. त्यांनी बाळांच्या अंगावरच्या कपड्यात छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र अडकवलं होतं. ३२ आठवड्यांपासूनच, म्हणजे तारखेच्या आठ आठवडे आधीच, बाळं आवाज काढायला लागतात, आणि आईवडील जवळ असले, बोलत असले की जास्त काढतात.

गणेशचतुर्थीला तुला किती आठवडे झाले होते ते तूच मोज. बत्तीस आणि वर चार दिवस.

तरी मी असं म्हणणार नाही की तुला तीनाचा पाढा कळत होता, किंवा तू 'आई' म्हणालीस. कदाचित तो नुसता आवाज असेल. पण मी थांबले तेव्हा तो आला, आणि तो आला म्हणून मी पुन्हा थांबले. दोघींपैकी एकीनेही हे सोडलं नाही. बोलणं याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही.

बाबाचं तुझ्याशी बोलणं वेगळंच होतं. चिंचवडहून रात्रपाळी करून तो सकाळी थेट यायचा आणि तुझ्या मुठीत करंगळी द्यायचा. बस, तेवढंच. वीस मिनिटं एक शब्द नाही. तुझं माझ्याजवळ कधी बिनसायचं, त्याच्याजवळ क्वचित. मला तेव्हा थोडा मत्सर वाटायचा.

विसर्जनाच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. असल्या खोलीत आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा म्हणतात. पुण्यात अनंत चतुर्दशीला ते कसं जमणार? रस्त्यावर ढोल सुरू झाले तसे सिस्टरांनी तुझ्या पेटीवर गोधडी टाकली आणि मला म्हणाल्या, "आज पाढं नकोत. आज नुसता हात." तो सगळा दिवस मी नुसता हात ठेवला. तुझी बोटं मिटलेलीच राहिली.

१२ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, तुला घरी आणलं. १८२० ग्रॅम. डॉक्टरांनी जाताना सांगितलं की आपल्याच पुण्यात, केईएम रुग्णालयात, १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या दोन किलोच्या आतल्या बाळांचा डॉ. सुधा चौधरींच्या चमूने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे, आणि ती बाळं आता अठरा-वीस वर्षांची झाली आहेत. अठरा वर्षांची! मी तुझ्याकडे बघितलं आणि मला तो आकडा डोक्यात बसेचना. आज तू अठरा वर्षांची आहेस.

घरी आल्यावर लोकांची घाई सुरू झाली. डिसेंबर आला, नातेवाईक म्हणायला लागले, चार महिन्यांची होत आली, अजून हसत नाही? मी प्रत्येकाला सांगायचे, तिचं वय ६ नोव्हेंबरपासून मोजायचं, अजून सहा आठवडे झाले नाहीत. पटायचं नाही कुणाला. डिसेंबर सरता सरता तू बाबाच्या चष्म्याकडे बघून हसलीस. माझ्याकडे बघून दुसऱ्या दिवशी.

एवढं सगळं लिहून झाल्यावर आज दुपारी मला कळलं की पाडव्याला तू बरोबर होतीस.

सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, बघायचं आणि थांबायचं. बघायचं मी अठरा वर्षं धरून ठेवलं. तू शाळेतून आलीस की दप्तर ठेवतानाचा तुझा खांदा मी बघायचे. दहावीच्या निकालाच्या दिवशी तू ठीक आहे म्हणालीस आणि तुझी बोटं टेबलावर ताठ पसरलेली होती, ती मी बघितली. अजूनही तुझं तसं होतं. आणि बघितलं रे बघितलं की मी विचारते, काय झालं? सांग ना. बघ ना माझ्याकडे. तेच शब्द, ऋजू. सहाव्या दिवशीचे, अगदी तेच. थांबायचं मात्र तू बोलायला शिकल्यावर मी कधीतरी सोडून दिलं, आणि कधी सोडलं तेही आठवत नाही. बोलता येणाऱ्या मुलीने लगेच बोलावं असं मला वाटायला लागलं असणार.

पाडव्याच्या दिवशीही पेन्सिल ठेवून तू हात कागदावर पसरला होतास. मी त्याच्याकडेच बघत होते. तू तोंडाने सांगायच्या आधी हाताने सांगितलं होतंस, आणि मला ते वाचता येत असूनही मी विचारत राहिले. याचं मला खरंच वाईट वाटतं.

बघणं मला सोडता येणार नाही. मी प्रयत्न करीन असंही खोटं सांगत नाही. पण रविवारी फोन करतेस तेव्हा बोलायचं नसेल तर नको बोलूस. फोन चालू ठेव, चित्र काढत बस, मी इकडे वह्या तपासत बसेन. मला पेन्सिलीचा आवाज आला तरी पुरे.

शेजारच्या काकू रविवारी बडोद्याला त्यांच्या लेकीकडे चालल्या आहेत. त्यांच्याबरोबर डिंकाचे लाडू, भाजणी आणि आजीच्या त्या साडीची शिवलेली गोधडी पाठवते आहे. थंडी पडायला लागली असेल तिकडे. साडी विरली आहे, जपून धू. बाबाने त्याची डायरी पण दिली आहे, तू मागितली होतीस म्हणून. १५ सप्टेंबरच्या पानावर फक्त वजन आहे. त्याच्याखाली जागा होती, तिथे मी आज पेन्सिलीने लिहिलं, 'अं'.

उत्तराची घाई नाही. थांबते.

तुझी,
आई